आधी कुजवा, मग गांडूळ सोडा: घरच्या गांडूळखताबद्दल तुम्ही विचारलेलं

राम राम मंडळी. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, बांधाला कुटाराचे ढीग लागलेत आणि माझ्या मोबाईलवर गांडूळखताचे प्रश्न सुरू झालेत. गेल्या पंधरा-वीस दिवसांत फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गावातल्या बैठकांमध्ये जे जे विचारलं गेलं त्याची उत्तरं एकदाच सविस्तर लिहितोय, म्हणजे एकाला सांगितलेलं दहा जणांच्या कामी येईल. वेळ पण बरोबर आहे, थंडी सुरू होतेय, बेड, म्हणजे ज्यात गांडुळं सोडून खत करतात तो वाफा किंवा हौद, लावायला यापेक्षा चांगला महिना नाही.

पहिला प्रश्न गंगापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा, आणि तो वाचून खरंच वाईट वाटलं. ते लिहितात, "साहेब, बारा बाय चार फुटांचा बेड आणला, गोठ्यातलं शेण भरलं, चार किलो गांडुळं सोडली, आठव्या दिवशी बघितलं तर एकही जिवंत नाही, कल्चर खराब दिलं का?"

भाऊ, कल्चर, म्हणजे विकत आणलेली गांडुळं, खराब नव्हतं, शेण ताजं होतं. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्हीच सांगितलंत की रोज सकाळी गोठा झाडला की ते शेण थेट बेडमध्ये जात होतं. ताज्या शेणाचा नाहीतर हिरव्या पाल्याचा ढीग लावला की तो आतून तापतो, हात घालून बघा, चटका बसतो, ढीग मोठा असेल तर आतलं तापमान ५०-६० डिग्रीपर्यंत जातं. आपल्या गांडुळाला पाहिजे २० ते ३० डिग्री, ३५ च्या पुढं गेलं की ते तडफडायला लागतं. म्हणजे आपण त्याला पैसे देऊन विकत आणलं आणि गरम चुलीवर ठेवलं. वर जनावराच्या मुताचा अमोनिया, तो वेगळाच. डोळ्याला झोंबतो ना गोठ्यात? गांडूळ तर अख्ख्या कातडीनंच श्वास घेतं, त्याला फुफ्फुस नाही, मग त्याचं काय होत असेल विचार करा.

दुसरं कारण यापेक्षा महत्त्वाचं. गांडुळाला दात नसतात. आपण समजतो की गांडूळ कचरा खातं, पण ते कडक काडी कुरतडू शकत नाही, आधी जिवाणू आणि बुरशी त्या मालाला मऊ करतात आणि मग तो मऊ झालेला माल, त्यावरच्या जिवाणूंसकट, गांडूळ गिळतं. म्हणून कुजवण्याचं काम गांडुळाचं नाही, ते काम आपण त्याच्या आधी करून ठेवायचं. मी प्रत्येक बैठकीत हेच सांगतो, आधी कुजवा, मग गांडूळ सोडा. एवढं एक पाळलं तरी निम्मे बेड वाचतात.

तर करायचं असं. बेडच्या बाहेर, सावलीतच, शेण आणि काडीकचरा थरावर थर लावून ढीग करायचा, पाणी मारायचं, आठवड्यातून एकदा वरचं खाली खालचं वर करायचं. नुसतं शेण असेल तर १५ ते २० दिवस पुरतात, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, केळीचे खुंट असं काही असेल तर बारीक तुकडे करून महिना-दीड महिना द्या, शेणकाल्यात भिजवलं तर लवकर होतं. ज्यांच्याकडं नाडेपचा हौद (भोकं ठेवलेला विटांचा कंपोस्ट हौद) आहे त्यांना तर फारच सोपं, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे म्हणजे आपल्या नाडेपकाकांची ही पद्धत, त्या हौदात खत पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात, पण तुम्ही मध्येच अर्धकुजका माल काढून गांडुळाला दिला तर दोन्हीचा फायदा मिळतो. आणि ढीग थंड झाला की नाही हे कसं ओळखायचं? कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि हळू दहा आकडे मोजायचे, हात आरामात राहिला तर गांडूळ पण राहील. तरीही शंका असेल तर बेडच्या एका कोपऱ्यात मूठभर गांडुळं सोडून एक रात्र थांबा, सकाळी ती आत गेलेली दिसली की बाकीची सोडा.

बेड भरायचा कसा हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. जागा सावलीची, पाणी न साचणारी, झाडाखाली चालेल पण वर पत्रा असेल तर त्याच्याखाली पाचटाचं आच्छादन करा, नुसता पत्रा उन्हाळ्यात भट्टी होतो. तळाला चार-पाच इंच जाडंभरडं, तुरकाट्या, नारळाची सोडणं, पाचट, म्हणजे खालून हवा खेळते आणि जास्तीचं पाणी निघून जातं. त्यावर दोन-तीन इंच जुनं शेणखत, त्यावर गांडुळं, आणि मग वर तो अर्धकुजका माल, दीड-दोन फुटांपर्यंत, पण एका दिवसात ठासून भरू नका, दोन-तीन हप्त्यांत भरा. सगळ्यात वर ओलं गोणपाट. बेड विकतच पाहिजे असं काही नाही, विटा मातीनं रचल्या तरी चालतं, तीन फूट रुंद ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, बेडवर चढावं लागत नाही.

पैठणकडच्या एका काकांनी विचारलंय की पावसाळ्यात शेतात एवढी गांडुळं निघतात, तीच गोळा करून टाकली तर विकत कशाला घ्यायची. काका, विचार चांगला आहे पण त्या गांडुळाचं काम वेगळं आहे. शेतातलं आपलं देशी गांडूळ माती खातं, खोल बिळं करतं, पाणी आणि हवा मुळांपर्यंत नेतं, ते शेतातच राहू द्या, तिथं ते तुमची नांगरणी करतंय. खताच्या ढिगात ते टिकत नाही, खाली माती शोधत जातं. बेडला लागतं वरच्या थरात राहणारं, शेण आणि पालापाचोळा खाणारं. आपल्याकडं मुख्य दोन चालतात. एक आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर पिवळट पट्टे दिसतात, बोटभर लांब, चिवट जात आहे, थंडी-ऊन बऱ्यापैकी सोसते. दुसरं युड्रिलस युजेनी, आफ्रिकन म्हणतात, मोठं, जांभळट चमक असलेलं, खातं भरपूर पण नाजूक आहे, जास्त थंडी सोसत नाही आणि पावसाळी रात्री बेड सोडून पळायची त्याला सवय. पहिल्यांदा करत असाल तर माझा सल्ला सरळ फेटिडा घ्या. कृषी विज्ञान केंद्रातून, विद्यापीठातून, नाहीतर ज्याचा बेड दोन-तीन वर्षं नीट चालतोय अशा शेतकऱ्याकडून, डोळ्यांनी बघून घ्या. जाडसर पट्टा गळ्याशी दिसला म्हणजे ते वयात आलेलं, तशी निम्मी तरी असावीत.

आता वैजापूरच्या ताईंची तक्रार. बचत गटातून बेड केला, "दीड महिन्यात खत तयार" असं सांगितलं होतं, अडीच महिने होत आले तरी खाली शेण तसंच आहे, गटातल्या बाकीच्या बायका आता नाराज व्हायला लागल्यात.

ताई, तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला सांगणाऱ्यानं हिशोब नीट सांगितला नाही. एक किलोत साधारण हजार मोठी गांडुळं बसतात आणि गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापासून फार तर वजनाएवढं खातं. तुम्ही तीन किलो सोडली, म्हणजे दिवसाला दीड ते तीन किलो माल संपणार. बारा बाय चार बाय दोनच्या बेडमध्ये टनभर तरी माल बसतो. नुसत्या त्या तीन किलोवर टन संपायला वर्ष जाईल! पण गांडुळं वाढतात, एका कोषातून (गांडुळाच्या अंड्यांच्या पिशवीतून) दोन-चार पिल्लं, कोष फुटायला तीन आठवडे, पिल्लू वयात यायला अजून दीड-दोन महिने, त्यामुळं पहिली फेरी कायमच रेंगाळते, तीन-साडेतीन महिने धरून चाला. दुसऱ्या फेरीला तीच गांडुळं कितीतरी पट झालेली असतात आणि मग ४५ ते ६० दिवस हा आकडा खरा ठरतो. गटातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा, बेड मोडू नका. आणि टनभर मालातून खत टनभर मिळत नाही, साधारण निम्मं हातात येतं, हे पण आत्ताच माहीत असलेलं बरं.

पाण्याचं एक सांगतो, कारण मेलेल्या बेडचं दुसरं मोठं कारण पाणीच आहे. मूठभर माल घ्या आणि घट्ट दाबा, बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर कमी. रोज पाईप लावून बेड भिजवायचा नसतो, झारीनं शिंपडायचं, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, उन्हाळ्यात गरज पडली तर दोन वेळा, त्यातलं निम्मं पाणी गोणपाटावर. सिल्लोडच्या एका दादांनी रात्रीचा व्हिडिओ पाठवलाय, गांडुळं बेडच्या भिंतीवर चढून बाहेर पडतायत. दादा, खाली पाणी तुंबलंय, हवा संपली की गांडूळ दुसरं काय करणार. तळाची भोकं मोकळी करा, माल हातानं हलका उकरून घ्या, कोरडं पाचट मिसळा, पाणी चार दिवस बंद, आणि दोन-तीन रात्री बेडवर एक बल्ब लावून ठेवा, उजेड त्याला सोसत नाही त्यामुळं ते आतच राहतं.

मुंग्या लागल्यात, पावडर मारू का? नको, हात जोडून सांगतो नको. कीटकनाशक पावडर मुंगी बघत नाही आणि गांडूळ बघत नाही. मुंग्या आल्या म्हणजे बहुतेक वेळा बेड कोरडा पडलाय, आधी ओल बघा, मग बेडच्या चारी बाजूंनी पाण्याची छोटी चर ठेवा, मुंग्यांच्या वाटेवर हळद टाका. कोंबड्यांपासून जाळी लावा, घरची कोंबडी एका दुपारी अख्खा बेड उकरून खाते. बेडूक, उंदीर, गोम यांच्यावर पण लक्ष असू द्या.

फुलंब्रीच्या एका भाऊंनी जाड पांढऱ्या, वाकडं होऊन पडणाऱ्या अळ्यांचा फोटो पाठवलाय. भाऊ, ही गांडुळाची पिल्लं नाहीत, हे भुंगेऱ्याचं पिल्लू आहे, हुमणीच्या कुळातलं, उघड्या उकिरड्यातल्या शेणातून येतं. चाळताना एक-एक वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका, ते तसंच खतासोबत शेतात नेलं तर आपणच मुळं कुरतडणारा पाहुणा नेऊन सोडला असं होईल. अगदी दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे ढिगानं दिसले तर ते वेगळे, ते गांडुळाला काही करत नाहीत पण बेड आंबट आणि फार ओला झालाय एवढं सांगतात, थोडी चुन्याची निवळी शिंपडा आणि आंबट-चिंबट टाकणं थांबवा.

काय टाकायचं आणि काय नाही याची यादी सगळेच मागतात. शेतात निघणारं जवळपास सगळं चालतं, फुलावर यायच्या आधी उपटलेलं गाजर गवत सुद्धा चालतं, फक्त ते नीट अर्धं कुजवून. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा-लसूण, मिरची, मीठ-तेलाचं शिळं अन्न, मांस-मच्छी नको. तणनाशक मारलेलं गवत नको. आणि एक गोष्ट कोणी विचारली नाही पण मी मुद्दाम सांगतोय. जनावराला जंताचं औषध दिलं, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वगैरे, की त्यातलं बरंचसं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणातल्या किड्यांना ते बाधतं. जंत मारणारं औषध आणि आपलं गांडूळ, दोघांची गाठ घालू नका. औषध दिल्यानंतरचं दोन आठवड्यांचं शेण बाजूला उकिरड्यावर टाका, बेडला नको.

खत झालं हे ओळखायचं नाकानं. शेणाचा वास पूर्ण गेला, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला आणि माल चहापत्तीसारखा रवाळ काळा दिसला की झालं. मग चार-पाच दिवस पाणी बंद करा, वरचा थर सुकतो, गांडुळं खाली जातात, वरचं खत हातानं काढून सावलीत शंकूसारखे ढीग करा, दोन-तीन तासांत उरलेली गांडुळं ढिगाच्या तळाशी गोळा होतात. फावडं-कुदळ बेडमध्ये घालू नका, तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळं होतात ही समजूत चुकीची आहे, ते बहुतेक मरतंच. चाळून झालं की गोणीत भरा, प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत नको, आणि उन्हात वाळवून पार भुकटी करू नका, १५ ते २५ टक्के ओल राहिली पाहिजे, खत नियंत्रण आदेशात पण तेवढीच सांगितलीय. त्यातले जिवाणू जिवंत असतात म्हणून तर त्याला किंमत आहे.

आता कन्नडच्या एका दादांचा प्रश्न, "एकरी किती टाकू, आणि युरिया बंद केला तर चालेल का?" दादा, इथं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. गांडूळखतात नत्र किमान १ टक्का असावं असा निकष आहे, चांगल्या खतात दीडपर्यंत मिळतं. १ टक्का धरला तर एक टन खतातून १० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनं जवळपास २१ किलो. म्हणजे नुसतं नत्र मोजलं तर दोन टन गांडूळखत म्हणजे एक गोणी युरिया. मग एवढी मेहनत कशाला? कारण युरिया नत्राशिवाय काहीच देत नाही. गांडूळखतात स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं थोडी थोडी सगळी आहेत, आणि सेंद्रिय कर्ब आहे जो आपल्या जमिनींतून संपत चाललाय. ज्या रानात कर्ब नाही तिथं टाकलेला युरिया पाण्यासोबत आणि हवेत निघून जातो. तर एकरी दोन टन हा साधारण सल्ला आहे, पण पहिल्या वर्षी तुमच्याकडं चार-पाचशे किलोच असेल, ते अख्ख्या कपाशीत फेकू नका, दिसणार पण नाही. मिरची-टोमॅटोची रोपं, भाजीपाल्याचे वाफे, मोसंबीचं झाड (झाडाला पाच ते दहा किलो, आळ्यात, मातीआड करून) अशा ठिकाणी वापरा. रासायनिक खताची मात्रा एकदम बंद नको, माती परीक्षण करा आणि जमिनीचा कर्ब वाढेल तसतशी कमी करत चला. गांडूळखत आणि रासायनिक खत एकाच वेळी एकत्र कालवून मात्र टाकू नका, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.

वर्मीवॉश, म्हणजे गांडुळांच्या थरातून झिरपवून पिकावर फवारायचं पाणी, त्याबद्दल थोडक्यात. बेडखालून जास्त पाण्यामुळं जे काळं पाणी गळतं ते वर्मीवॉश नाही, तो निचरा आहे, कुजका वास येत असेल तर ते पिकावर फवारू नका, उकिरड्यावर ओता. वर्मीवॉश वेगळ्या ड्रममध्ये करतात, खाली खडी, वर वाळू, वर जुनं शेणखत आणि भरपूर गांडुळं, वरून थेंब थेंब पाणी, खालून तोटीनं गोळा. एक लिटरला दहा लिटर पाणी मिसळून, संध्याकाळी फवारा.

आणि हा शेवटून दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी आज रात्री जागून लिहितोय. एका शिक्षित पोराचा फोन होता, कोणीतरी त्याला सांगितलंय की एक लाख रुपये भरा, आम्ही गांडुळं आणि बेड देतो, तयार खत आणि वाढलेली गांडुळं आम्हीच चढ्या भावानं परत घेतो, पाच वर्षांचा करार. वडील बैल विकायला निघालेत. बाळा, भरू नको. गांडूळ झपाट्यानं वाढणारा जीव आहे, जी वस्तू प्रत्येकाच्या गोठ्यामागं आपोआप वाढते ती कोणी वर्षानुवर्षं चढ्या भावानं का घेईल? तो घेतो फक्त पुढचा लाख भरणारा मिळेपर्यंत. दोन किलो गांडुळं आण, एक बेड कर, खत आधी स्वतःच्या रानात टाक, उरलं तर गावातल्या रोपवाटिकेला विक. पुढं अनुदानाची योजना चालू आहे का हे तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) विचारा, रोजगार हमीतून गांडूळखताचं युनिट घेता येतं का हे पण विचारा. कर्ज काढून गांडूळ घेऊ नका, आणि बैल तर अजिबात विकू नका, बैल गेला तर शेण कुठून आणणार?

राहिला संभाजीनगरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न, बाल्कनीत जमेल का. जमतं ताई. वीस लिटरची बादली घ्या, तळाला आणि झाकणाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तीन-चार इंच भिजवून पिळलेला कोकोपीट किंवा वर्तमानपत्राचे तुकडे, दोन मुठी जुनं शेणखत, पाव किलो फेटिडा. भाजीची देठं, चहाचा चोथा (साखर धुवून), बारीक कुटलेली अंड्याची टरफलं, दोन दिवस बाजूला सुकवून मग मूठभर एका कोपऱ्यात पुरायची, पुढच्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात. आधीचं संपल्याशिवाय नवीन टाकायचं नाही. वास आला किंवा चिलटं झाली तर जास्त टाकलं गेलंय, आठवडाभर काही देऊ नका आणि वरून कोरडा कागद पसरा. एप्रिल-मेमध्ये बादली बाल्कनीतून घरात आणा, सिंकखालच्या कपाटात ठेवली तरी चालेल, तिथं गारवा असतो आणि अंधार पण.